टाचणीचं खातं

एकूण सभासद चारशे बारा. त्यांतले एकदाही तोंड न उघडलेले दोनशे सत्त्याण्णव. एक प्रश्न विचारून, उत्तर घेऊन, आभारही न मानता पसार झालेले एकाहत्तर. उरले चव्वेचाळीस. या चव्वेचाळीस जणांनी मिळून सहा वर्षांत अकराशे छत्तीस डागांवर चर्चा केली होती. सगळ्यात जास्त डाग शाईचे, त्याखालोखाल चहाचे, मग गंजाचे, आणि तेरा डाग असे, की ते कशाचे आहेत हे शेवटपर्यंत कुणालाच कळलं नव्हतं. हे सगळं आता एका पेनड्राइव्हमध्ये होतं आणि पेनड्राइव्ह तिच्या मुठीत होता. लॉन्ड्रीवाले काका म्हणाले की अर्ध्याहून जास्त रिकामाच आहे तो, हवं तर त्यात तुझी गाणीबिणी भर. त्यांच्या दुकानात अजून तोच वास होता, वाफेचा आणि त्यामागे लपलेल्या गोडसर द्रावणाचा, आणि डोक्यावरच्या दांडीला प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेले कोट माना खाली घालून लटकले होते. वीसेक वर्षांपूर्वी काकांनी दुकानासाठी एक वेबसाइट काढली होती, कारण त्यांच्या भाच्याने ती फुकटात करून दिली होती. तिच्यावर गिऱ्हाइकांनी अभिप्राय लिहावेत म्हणून एक पान ठेवलं होतं. अभिप्राय कुणी लिहिला नाही. एकाने विचारलं, सोफ्यावर सांडलेली शाई कशी काढू? दुसऱ्याने उत्तर दिलं, तिसऱ्याने ते खोडून काढलं, चौथ्याने तिसऱ्याची अक्कल काढली आणि बघता बघता डागमंडळ उभं राहिलं. मराठी, पण इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं, कारण तेव्हा कॉम्प्युटरवर दुसरी सोय नव्हती. ती तेव्हा रसायनशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला होती आणि मंडळावर तिचं नाव होतं फिनॉल.

काका आता सगळं आवरत होते. जिथे मंडळाची पानं भाड्याने ठेवली होती ती कंपनी महिनाअखेर बंद पडणार होती, म्हणून त्यांनी जुन्यांपैकी जिचा फोन नंबर होता तिला बोलावून घेतलं होतं. ती निघाली, तेव्हा त्यांनी इस्त्री उभी करून ठेवली आणि एखादी जुनी गंमत सांगावी तसे म्हणाले, "तुझं ते दुसरं नाव होतं ना, टाचणी? ते मी बंद केलं होतं. तुला कधी बोललो नाही. म्हटलं, पोरगी हुशार आहे, स्वतःची पाठ स्वतःच थोपटते तर थोपटू दे. पण नियम म्हणजे नियम."

ती म्हणाली, टाचणी मी नव्हते, काका. काका हसले. त्यांचं म्हणणं असं, की इतकी वर्षं झाली, आता काय लपवायचं. मग त्यांनी तिला समजावून सांगितलं, जसं त्यांनी कोटाच्या अस्तराचं गणित कित्येकांना समजावून सांगितलं असेल. दुकानात आलेल्या प्रत्येक कपड्याला ते नंबराचा बिल्ला टाचतात, तसा मंडळही येणाऱ्या प्रत्येक कॉम्प्युटरला गुपचूप एक बिल्ला चिकटवायचं. माणूस नाव बदलून आला तरी बिल्ला तोच. दर आठवड्याला उत्तम उपायासाठी मतं घेतली जायची आणि काही महाभाग चार-चार नावांनी स्वतःलाच मतं द्यायचे, म्हणून काकांनी नियम केला होता, एक बिल्ला, एक माणूस. फिनॉल आणि टाचणी यांचा बिल्ला एकच होता. टाचणी नेहमी फिनॉलची बाजू घ्यायची. मग यात न कळण्यासारखं काय होतं? "चारचौघांत तुझी शोभा नको म्हणून न बोलता बंद केलं," काका म्हणाले, आणि पुन्हा इस्त्रीला लागले.

बाहेर ऊन होतं. रस्ता खोदून ठेवलेला होता आणि लोक फळ्यांवरून एकामागून एक चालले होते. तीही चालली. तिला राग आला होता का? आला असावा, पण तो कुणावर ठेवायचा ते ठरेना, हातात ओली छत्री घेऊन दुसऱ्याच्या घरात उभं राहिल्यासारखं झालं. टाचणी म्हणजे ती नव्हती, एवढं एक तिला पक्कं ठाऊक होतं, आणि फळी ओलांडेपर्यंत तेही तितकंसं पक्कं वाटेना. कारण कॉम्प्युटर त्यांचा होता. तो बाहेरच्या खोलीत, खिडकीजवळच्या टेबलावर होता आणि शेजारीपाजारी कुणी त्याला हात लावत नसे. घरात माणसं तीन. ती. बाबा, जे इस्पितळात कंपाउंडर होते आणि एक आठवडा दिवसपाळी, एक आठवडा रात्रपाळी करायचे. आणि आई.

आईचं नाव मनात आलं आणि तिने ते बाजूला सरकवलं, जेवताना पानातली मिरची सरकवावी तसं. आईने त्या कॉम्प्युटरला एक झालर लावलेलं कापड शिवलं होतं आणि ती त्याला फक्त फडक्याने पुसायला हात लावायची. फोनची आणि इंटरनेटची तार एकच होती, त्यामुळे ती मंडळावर गेली की फोन बंद पडायचा, आणि आतून आईचा आवाज यायचा, "फोन अडकतो." एवढंच. आवर म्हणून नाही, काय करतेस म्हणूनही नाही. बाबांचं तसं नव्हतं. बाबा मागे येऊन उभे राहायचे, आज कुणाचे डाग धुतलेस गं, असं विचारायचे, रात्रपाळीच्या आठवड्यात दुपारभर घरी असायचे, आणि टाचणी दुपारीच लिहायची. टाचणी बाबाच असणार. प्रयोगशाळेच्या पायऱ्या चढेपर्यंत तिने हे जवळजवळ ठरवून टाकलं. बाबांना जाऊन नऊ वर्षं झाली होती, आणि नऊ वर्षांनंतर कुणीतरी त्यांचं पत्रांचं एक खोकं आणून दिल्यासारखं तिला वाटायला लागलं.

ती कापडाच्या रंगाचा पक्केपणा तपासायची. रंगवलेल्या कापडाचा तुकडा पांढऱ्या तुकड्याबरोबर शिवून धुवायचा, वाळवायचा, आणि मग एका ठरलेल्या उजेडात, राखाडी रंगाच्या जोड्यांची पट्टी शेजारी धरून बघायचं की फरक किती पडला. पाच म्हणजे फरक नाही, एक म्हणजे सगळंच गेलं. चौदा वर्षं ती दोन राखाड्यांमधला फरक बघून पगार घेत होती. त्या दुपारी एका निळ्या तुकड्याला तिने आधी चार दिले, मग तीन, मग पुन्हा चार, आणि शेजारच्या टेबलावरची तिची मदतनीस म्हणाली, "बाई, तो तुकडा तोच आहे, मी बदललेला नाही." ती हसली. पण डोक्यात टाचणी बोलत होती. टाचणीचं पहिलं उत्तर तिला पाठ होतं. कुणीतरी विचारलं होतं, पांढऱ्या शर्टाच्या बाहीला कार्बनपेपरचं काळं लागलंय. टाचणीने लिहिलं होतं, घासू नका. आधी झटका. पावाचा मऊ भाग दाबून धरा. मग साबण. इतकी तुटक. ‘मी आलो’ म्हणायचं की ‘मी आले’, असा प्रसंगच टाचणी कधी येऊ देत नसे, त्यामुळे टाचणी बाई की बुवा यावर मंडळात पैजा लागायच्या. फिनॉलने एकदा सरळ विचारलं, तर उत्तर आलं, टाचणीला फक्त टोक असतं.

पण डाग सोडून इतर गोष्टींसाठी मंडळात एक वेगळी खोली होती, तिथे नेहमीचे सातआठ जण बसायचे आणि तिच्यावर लक्ष ठेवायचं काम काकांनी फिनॉलला दिलं होतं. कुणी वावगं बोललं तर त्याला काढून टाकायचा अधिकार तिला होता, तो तिने कधी वापरला नाही. त्या खोलीत तिने काय नाही लिहिलं? तिने आईबद्दल लिहिलं. लिहिलं, की आमच्या आईने मिठाची गुळणी धरली आहे, एका खोलीत तासभर समोरासमोर बसलं तरी एक शब्द निघत नाही, आणि मला पुष्कळदा वाटतं, मी हॉस्टेलवर राहते. टाचणीने विचारलं, तेव्हा आई काय करत असते? तिने लिहिलं, काय करणार, मटार सोलत असते. टाचणीने लिहिलं, मटार सोलताना बोललं की दाणे घरभर होतात. सगळे हसले होते. तीही स्क्रीनसमोर एकटी हसली होती, आणि आतून आई म्हणाली होती, "फोन अडकतो." म्हणजे ते उत्तर त्या दिवशी दुपारी लिहिलं गेलं आणि तिने ते संध्याकाळी वाचलं, तेव्हा घरात मटारच होते का? तिला आठवेना. तिला आईच्या हातातली थाळी आठवत होती, तिची कड एका जागी चेपलेली होती, पण थाळीत काय होतं ते दिसत नव्हतं.

आणि मग तो शेवटचा प्रश्न. तिला फार लांबच्या शहरात ही नोकरी मिळत होती. बाबा म्हणाले, जा. आई म्हणाली, तुला हवं तसं कर. हे ‘तुला हवं तसं कर’ तिने रात्रभर चघळलं, त्यातून काही रस निघेना. तेव्हा तिने त्या खोलीत लिहिलं, टाचणी, तू सांग. मी गेले तर आईला काही फरक पडेल का? नेहमीच्यांनी पानभर सल्ले दिले. टाचणीने काहीच लिहिलं नाही. दुसऱ्या दिवशी नाही, आठवड्याने नाही. त्यानंतर टाचणी मंडळावर कधी दिसलीच नाही. फिनॉलने त्या गप्प बसण्याला उत्तर मानलं, सामान बांधलं, आणि गेली. पुढे मंडळ ओस पडलं, लोक दुसरीकडे गेले, जिथे डागांना कुणी विचारत नव्हतं. आईबाबांना ती वर्षातून दोनदा भेटायची. बाबा गेल्यावर ती कंपनीच्या इथल्या प्रयोगशाळेत बदली घेऊन परतली, आई तिच्याकडे राहायला आली, आणि नऊ वर्षं दोघी एका घरात भाडेकरूंसारख्या, एकमेकींच्या अध्यात ना मध्यात, अगदी नीट राहिल्या. गेल्या पंधरवड्यात आई, दूध संपलंय अशा सुरात म्हणाली की ती येत्या रविवारी मावशीकडे जाते आहे, कायमची. मावशीचं घर मोठं आहे. ती म्हणाली, "बरं." नको जाऊस, असं म्हणता आलं असतं. पण कुणाला म्हणायचं? जी कधी राहते आहे असंच वाटलं नाही, तिला थांब कसं म्हणतात, हे तिला येत नव्हतं.

शुक्रवारी तिने रजा टाकली आणि पेनड्राइव्ह उघडला. आई आतल्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होती. मंडळाची पानं तिला जशी आठवत होती तशी ती नव्हतीच. रंग नाही, चौकटी नाहीत, नुसती लांबच लांब ओळींची फाइल, सगळ्यांचं बोलणं एका दावणीला बांधलेलं. तिने टाचणीची उत्तरं वेगळी काढली, ती दोनशे नऊ भरली. आणि तिला दिसलं की यांत काहीतरी बिघडलंय. प्रत्येक वाक्यानंतर एक जागा जास्त होती. पूर्णविराम, मग एका मोकळ्या जागेऐवजी दोन. तिला वाटलं, फाइल उतरवून घेताना गडबड झाली. पण इतरांच्या उत्तरांत तसं नव्हतं, तिच्या स्वतःच्या उत्तरांतही नव्हतं. मग तिच्या लक्षात आलं की ब्राउझर अशा लागोपाठच्या मोकळ्या जागा गिळून एकच दाखवतो. म्हणजे मंडळाच्या पानावर हे कुणालाच कधी दिसलेलं नव्हतं. टाचणी दोन वर्षं न चुकता, कुणालाही न दिसणारी एक जागा सोडत होती, आणि ती जागा जपून ठेवली होती फक्त या फाइलने. तिने बाबांचे ईमेल काढले. बाबा शेवटच्या वर्षांत तिला लिहायचे, दोन बोटांनी, एक-एक अक्षर शोधून. त्यांत पूर्णविरामानंतर एक जागा होती, बऱ्याच ठिकाणी तीही नव्हती, वाक्यं एकमेकांच्या अंगावर पडलेली. ती पुन्हा पुन्हा बघत राहिली. तिने आणखी चार मेल काढले, आणखी सहा काढले. तिला कुठेतरी एक तरी दुहेरी जागा सापडावी असं वाटत होतं, आणि असं वाटणं हे तपासणाऱ्याला शोभत नाही हेही कळत होतं.

मग तिने एक वाक्य स्वतः टाइप करून पाहिलं. घासू नका, पूर्णविराम, आणि अंगठा दोनदा. आवाज झाला, टप-टप. अगदी हलका. आणि त्या आवाजाबरोबर एक फरशी आली, थंड, लाल रंगाची, तिच्यावर ती पालथी पडून खडूने काहीतरी काढते आहे, वर टेबलाची खालची बाजू आहे, तिला एक खिळा उलटा निघालेला आहे, आणि टेबल हलतंय. कडकडकड, कडकड, ठक. टप-टप. कडकडकड, ठक. टप-टप. ती चार वर्षांची असेल, पाच वर्षांची. आई लग्नाआधी एका वकिलाच्या कचेरीत टायपिस्ट होती, हे तिला माहीत होतं, पण कुणाच्या आजोबांना मधुमेह होता हे माहीत असावं तसं. तिच्या जन्मानंतर आईने नोकरी सोडली आणि काही दिवस भाड्याने मशीन आणून घरी लोकांचे प्रबंध टाइप केले. तेव्हाच्या टायपिंगच्या क्लासात शिकवायचे, वाक्य संपलं की अंगठ्याने दोनदा. हे तिला कुणी सांगितलं होतं? कुणी नाही. ते टेबलाखालूनच आत गेलं होतं. कार्बनपेपर. पावाचा मऊ भाग. बाबा इस्पितळातून फोन करायचे तेव्हा दुपारी तो सारखा अडकलेला असायचा, ते घरी येऊन विचारायचे, कुणाशी एवढं बोलत होतीस, आणि आई म्हणायची, तुमच्या बहिणीशी. आत्याशी आईचं हाडवैर होतं. तिघांपैकी कुणीच त्यावर कधी काही बोललं नव्हतं.

आता तिला समजल्यासारखं झालं आणि त्याबरोबर सगळंच विस्कटलं. कारण टाचणी जर आई, तर तिने आईची तक्रार आईकडे केली होती, आणि आईने ती ऐकून घेतली होती, विनोद केला होता, आणि मग संध्याकाळी समोर बसून गप्प राहिली होती. दोघींपैकी खरी कोण? दुपारची की संध्याकाळची? तिने दोन्ही डोळ्यांसमोर शेजारी धरल्या, ठरलेल्या उजेडात. जोडी जमेना. तिला वाटलं, जाऊन विचारावं. मग वाटलं, नाही म्हणाली तर? आणि हो म्हणाली तर त्याचं तरी काय करायचं? उद्याचा शनिवार तेवढा मधे होता. मावशीचा मुलगा रविवारी सकाळी गाडी घेऊन येणार होता.

शनिवारी दुपारी तिने लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर ठेवला आणि आईला म्हणाली, तू जायच्या आधी घरातल्या गोष्टी लिहून दे, मला काही ठाऊक नाही. आईने कागद मागितला. ती म्हणाली, यावरच लिही, तुझं अक्षर मला लागत नाही.

"माझं अक्षर कधीपासून लागेना तुला?" आई म्हणाली.

"अलीकडेच."

"चाळिशी लागली तुला. चष्मा कर."

पण आई बसली. खुर्ची पुढे ओढली, पाठ सरळ केली, मनगटं टेबलावरून जराशी उचलली, आणि तिची नजर कीबोर्डवर गेलीच नाही. ती आईच्या मागे उभी राहिली, जसे बाबा तिच्या मागे उभे राहायचे. इंग्रजी अक्षरांतलं मराठी भराभर उमटायला लागलं. गॅसची नळी बदलून घे. तुळशीला रोज पाणी नको. कुकरची शिट्टी वाजली नाही तर झाकण उघडू नकोस. पांढरे कपडे वेगळे. लोकरीला गरम पाणी नाही. नऊ वर्षांत आई तिच्याशी इतकी वाक्यं सलग बोलली नव्हती. बोटं पळत होती, वाक्य संपत होतं, अंगठा खाली जात होता. लॅपटॉपचा कीबोर्ड मऊ होता, आवाज होत नव्हता. तिला फक्त अंगठा दिसत होता, आणि तो दिसतोय की तिला दिसायला हवाय म्हणून दिसतोय, हे तिला सांगता आलं नसतं.

ती म्हणाली, "आई, टाचणीचं खातं लॉन्ड्रीवाल्या काकांनी बंद केलं होतं. त्यांना वाटलं, टाचणी म्हणजे मीच, दुसऱ्या नावाने. मला परवापर्यंत माहीत नव्हतं."

बोटं थांबली. स्वयंपाकघरात फ्रिज सुरू झाला, थरथरला, आणि त्याच्यावरची बरणी किणकिणली. आईने मान वळवली नाही.

"मला वाटलं, तू केलंस," आई म्हणाली.

"मी?"

"किल्ली तुझ्याकडे होती ना त्या खोलीची. मला वाटलं, तुला कळलं, आणि तू दार लावून घेतलंस. चूक नव्हती तुझी. चोरून ऐकणाऱ्याला कोण घरात ठेवतं?"

"मग मला विचारायचंस."

"काय म्हणून विचारणार होते? कोण म्हणून?"

चौदा वर्षं ही बाई तिला घाबरत होती की काय? ते गप्प बसणं, ते भाडेकरूसारखं वागणं, पायाचा आवाज न करता चालणं, हे सगळं तिने थंडपणा म्हणून मोजलं होतं, दर वेळी तोच आकडा लिहिला होता, आणि तुकडाच दुसरा होता. तिने आईच्या खांद्याकडे पाहिलं. तिथे हात ठेवायचा की नाही?

आई स्क्रीनकडे बघत म्हणाली, "तू विचारलं होतंस तिथे. गेले तर फरक पडेल का म्हणून. मी लिहिलं होतं उत्तर. तीन दुपारी पाठवत होते. जाईना ते."

"काय लिहिलं होतंस?"

"आता नाही आठवत." मग आईने पुन्हा दोन शब्द टाइप केले, थांबली, आणि खुर्ची मागे सारून उठली. म्हणाली, कपडे वाळलेत, ऊन जायच्या आत काढते. तिच्याजवळून जाताना ती क्षणभर रेंगाळली, पुढे गेली, आणि गॅलरीचं दार उघडल्याचा आवाज आला. आतल्या खोलीत पलंगावर बॅग उघडी होती, तिची चेन एका बाजूला लोंबत होती. बाहेर आई दोरीवरचे चिमटे एकेक काढून डब्यात टाकत होती, तेवढाच आवाज घरभर होता. ती खुर्चीत बसली. खुर्ची अजून उबदार होती. तिने आईने लिहिलेलं सगळं निवडलं आणि जसं प्रयोगशाळेत मोजते तसं, बोट धरून, दोनदा मोजलं.

पूर्ण वाक्यं सोळा. पूर्णविराम सोळा. प्रत्येकानंतर दोन जागा, एकूण बत्तीस. सतरावं वाक्य ‘मी गेल्यावर’ एवढंच होतं, आणि त्याला पूर्णविराम नव्हता.